एक पाय जमिनीवर

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर आईनं विचारलं, "कोपराला काय झालंय गं?" आणि मी म्हटलं, "कुठे काय!" खोटं बोलले. आई, तुला फोटोत दिसलं ते खरचटलेलंच होतं. सायकलवरून पडले होते. हाडबिड मोडलेलं नाही, खपलीसुद्धा पडून गेली, म्हणून आता सांगते. फोनवर सांगितलं असतं तर "तुझ्या बाबांनी असले उद्योग कधी केले नाहीत" यापुढे आपलं बोलणं सरकलं नसतं. म्हणून हे पत्र.

झालं असं की सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर माझ्या पुढे एक माणूस पाठीला भलामोठा आरसा बांधून सायकलवर चालला होता. आरशात सगळं आभाळ आणि त्या आभाळाच्या तळाशी हेलकावे खाणारी एवढीशी मी. असं काही दिसल्यावर हात गप्प बसत नाही. डाव्या हातात हँडल, उजव्या हातानं फोन काढला, घामानं ओलं बोट पडद्यावर दोनदा घासलं, आणि तेवढ्यात पुढचं चाक कडेच्या खडीत गेलं. घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. एकच हात हँडलवर असताना अंगाचा सगळा भार पुढे आला की हँडल वळतं आणि आपण त्याच्यावरून जातो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. फोटो निघाला, पण डांबराचा. कोपऱ्यात माझा बूट आहे. आरसेवाला पुढे निघून गेला, त्याला पत्ताही नाही.

तेव्हापासून ठरवलंय, एक पाय जमिनीला टेकल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. आई, हे तुझ्यासाठी लिहिलं. आता थोडं बाबांसाठी.

बाबा, तुम्हाला हिशेब आवडतो, तर हा घ्या. ताशी १८ किलोमीटरनं चाललं तर सेकंदाला ५ मीटर होतात. काहीतरी दिसलं, ते फोटोजोगं आहे हे डोक्यात शिरलं, ब्रेक दाबला, पाय टेकला, तोवर आठ-दहा मीटर मागे पडलेले असतात. म्हणजे सायकलवर दिसलेला प्रत्येक फोटो थांबेपर्यंत पाठीमागे गेलेला असतो. चालत्या सायकलवरून काढावा म्हटलं, तर १/१२५ सेकंदातसुद्धा आपण ४ सेंटिमीटर सरकतो. लांबच्या टेकड्यांना त्याचं काही वाटत नाही, पण हाताच्या अंतरावरचं कुंपण पार फरफटतं.

फोन आता पिशवीत असतो. तुमचा जुना रोलचा कॅमेरा घेऊन जाते, गळ्यात नाही, आडवा पाठीवर. लेन्सवरच्या आकड्यांच्या कडीचा उपयोग तुम्ही शिकवलात तेव्हा मी जांभया देत होते, ते आता कामाला येतंय. ३५ मिलिमीटरची लेन्स, छिद्र बारीक म्हणजे एफ/११, अंतर पावणेचार मीटरच्या आसपास लावून ठेवलं की साधारण दोन मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. २०० संवेदनशीलतेचा रोल आणि भर ऊन असेल तर १/५०० सेकंदाचं शटर पुरतं. हे सगळं निघतानाच लावून ठेवते, त्यामुळे वाटेत फक्त पाय टेकायचा आणि डोळ्याला लावायचा. चढ चढून आल्यावर छातीचा भाता चाललेला असतो, हात थरथरतात, तेव्हाही १/५०० सांभाळून घेतं.

चढावरून आठवलं. ३६ फोटोंचा पहिला रोल धुऊन आला तेव्हा लक्षात आलं, जवळजवळ सगळे फोटो चढावरचे आहेत. उतारावर मी एकदाही थांबलेले नाही! कमावलेला वेग कोण सोडणार? परत मागे वळायचं तर पुन्हा चढायचं. उतारावर मी बघते खूप, पण ते सगळं तसंच जातं. चढावर मात्र माणूस इतका हळू जातो की दगडाखालचा सरडासुद्धा दिसतो, आणि थांबायला निमित्तच हवं असतं. खरं सांगू का, काही फोटो मी फोटोसाठी काढलेलेच नाहीत, दम खायला काढलेत.

मागे वळायचं की नाही, ही सगळ्यात अवघड गोष्ट. एका गच्चीवर एक बाई गादी झोडपत होत्या, उन्हात धुळीचा सोनेरी ढग उठला होता. मी पुढे गेले, थांबले, वळून आले, तोवर त्यांचं आटोपलं होतं. माझ्या हातातला कॅमेरा आणि पडलेलं तोंड बघून त्या हसल्या आणि माझ्यासाठी पुन्हा दोन फटके मारले. धूळ उठली, फोटो निघाला. पण तो या पाकिटात नाही. त्यात त्या माझ्याकडे बघून गादी झोडपतायत आणि दोघींनाही ते ठाऊक आहे. चांगला फोटो आहे, पण मला दिसला होता तो हा नव्हे.

कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचा १९३२ सालचा एक फोटो तुम्हीच मला दाखवला होतात. वरून दिसणारा वळणदार जिना आणि खालच्या रस्त्यावरून सटकणारा सायकलवाला. जिना रेखीव, सायकलवाला पुसट. तेव्हा मी सायकलवाल्याकडेच बघत बसले होते. आता कळतं, काढणारा मात्र उभा होता.

एक गंमत वाचली, ती तुम्हाला सांगायची राहिली होती. डनलॉपचा हवा भरायचा टायर १८८८ चा, आणि ईस्टमनचा पहिला कोडॅक कॅमेराही त्याच वर्षीचा. त्यात १०० फोटोंचा रोल भरूनच मिळायचा, डोळा लावून बघायला खिडकी नव्हती, अंदाजानं रोखायचा आणि बटण दाबायचं, फोटो गोल यायचे. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी खास सायकलवाल्यांसाठी म्हणून कॅमेऱ्यांची जाहिरातसुद्धा केली. म्हणजे हे खूळ माझ्या एकटीचं नाही. आणि बाबा, त्यांना १००, तुम्ही मला ३६ सुद्धा जपून वापरायला लावायचात!

सोबत अकरा फोटो आहेत. मोठे छापून घेतलेत, ऑपरेशननंतर डोळ्यांना ताण नको. मागे पेन्सिलीनं आकडे घातलेत. ४ नंबर नीट बघा, त्यात खांबावर एक छत्री उलटी अडकलेली आहे, ती मला काढताना दिसलीच नव्हती. ७ हललेला आहे तरी पाठवलाय, का ते मला शब्दांत सांगता येत नाही, तुम्हाला पटतो का बघा. ९ मध्ये माझी संध्याकाळची सावली आहे. आई, मोजून बघ, पाय जमिनीवरच आहे.

आणि आता एक चौकशी. आईचा सायकलवरचा तो जुना फोटो, दोन वेण्या, मान वळवून हसतेय तो, मागच्या वेळी मी माझ्याकडे घेऊन आले. तो भिंगाखाली धरला. मागचं गवत आणि कुंपण आडवं फरफटलेलं आहे, रेघा रेघा झाल्यात. आई मात्र स्पष्ट आहे, वेणीची रिबीनसुद्धा मोजता येते. एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवूनही असं येतं, मान्य. पण फोटोच्या खालच्या कोपऱ्यात काळं, गोलसर काहीतरी घुसलंय. मी ते अर्धा तास बघत होते. ती हँडलची मूठ आहे. आईच्या सायकलची नाही, तिच्या दोन्ही मुठी तिच्या हातात आहेत.

आई, तुला हे तेव्हापासून माहीत असणार, तू तर त्याच्याकडे बघूनच हसते आहेस.

बाबा, शटर किती ठेवलं होतं?

तुमची,
धाकटी