पीएफची नोटीस आल्यावर मस्टर लिहायला बसू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली बावीस वर्षं मी छोट्या उद्योगांची पगारपत्रकं करतो. पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा), प्रोफेशन टॅक्स, पगारावरचा टीडीएस हे सगळं माझ्या टेबलावरून जातं, आणि तपासणीच्या वेळी समोर बसायलाही मीच असतो, म्हणून हे पत्र लिहितोय. जरा मोठं झालंय पण जमलं तर पूर्ण छापा.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला एका मालकांचा फोन आला. पीएफ ऑफिसची नोटीस हातात पडलेली, आठ दिवसांनी तपासणी, आणि त्यांचा पहिला प्रश्न काय तर "तीन वर्षांचं मस्टर नव्याने लिहून काढायला किती दिवस लागतील?" मी म्हटलं एक ओळसुद्धा नवीन लिहू नका. ते चिडले, म्हणाले मग तयारी कसली करायची. हा प्रश्न मला दर वर्षी चार-पाच जण तरी विचारतात, त्याचं उत्तर एकदा सगळ्यांसाठीच लिहावं असं वाटलं.

आधी मस्टरचं. तीन वर्षांची हजेरी एका हाताने, एका पेनाने, आठ दिवसांत लिहिली की ती तशीच दिसते, समोरच्या ऑफिसरने अशी शेकडो रजिस्टरं बघितलेली असतात. त्यात गेटवरचं रजिस्टर वेगळं सांगतं, थंब मशीन वेगळं सांगतं, बँकेचं स्टेटमेंट आणखी वेगळं. हप्ता कमी भरला गेला असेल तर तो व्याजासकट भरून मोकळं होता येतं, पण रेकॉर्डच खोटं तयार केलं की विषय पैशाचा राहत नाही, फौजदारीचा होतो. अर्धवट असलेलं खरं मस्टर हे पूर्ण भरलेल्या खोट्या मस्टरपेक्षा कधीही बरं, हे मी अनुभवाने सांगतोय.

आता खरी तयारी. बहुतेक मालकांना वाटतं की तपासणी म्हणजे पगारपत्रक बघणार आणि चलान बघणार. तसं नसतं हो. पीएफचा ऑफिसर बऱ्याचदा सुरुवातच ताळेबंदापासून करतो. नफा-तोटा पत्रकात पगार आणि मजुरी म्हणून किती खर्च टाकलाय आणि ईसीआरमध्ये, म्हणजे दर महिन्याला पीएफकडे भरायच्या नावनिशीवार विवरणात, वर्षभरात किती वेतन दाखवलंय, या दोन आकड्यांतला फरक तो वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतो आणि मग पुढचा सगळा वेळ त्या फरकाबद्दलच विचारतो. लेबर चार्जेस, हमाली, लोडिंग अनलोडिंग, जॉबवर्क, साफसफाई, रिपेअर मेंटेनन्स, या नावांखाली जे व्हाउचर फाडलेले असतात ते एकेक बाहेर येतात. ईएसआयसीवाले पण हेच करतात, आणि दुरुस्तीच्या बिलात माल किती आणि मजुरी किती हे वेगळं लिहिलेलं नसेल तर मजुरीचा भाग ते अंदाजाने धरतात, मग तो अंदाज खोडून काढायची जबाबदारी आपली.

म्हणून मी त्या मालकांना सांगितलं की आठ दिवस आहेत ना, मग ऑफिसर जे करणार तेच आपण आधी करू. तिन्ही वर्षांची लेजर काढली, मजुरीसारखी दिसणारी सगळी खाती वेगळी केली, आणि प्रत्येक रकमेपुढे लिहिलं की हा पैसा कुणाला गेला, त्या माणसाचा पीएफ कुठे भरलाय आणि नसेल तर का नाही. दोन रात्री गेल्या त्यात. निघालं काय तर ईसीआरवर बावीस माणसं आणि व्हाउचरवर आणखी नऊ, तीन वर्षं तीच नऊ, रोज येणारी, त्याच मशीनवर काम करणारी. मालकांच्या डोक्यात ती "टेम्पररी" होती. पीएफच्या कायद्यात टेम्पररी, कॅज्युअल, पीस रेट असा फरकच नाहीये, पहिल्या दिवसापासून तो कर्मचारी.

हिशोब सांगतो म्हणजे गांभीर्य कळेल. समजा नऊ जणांना महिना प्रत्येकी १२ हजार मिळतात, म्हणजे १,०८,०००. कर्मचाऱ्याचे १२ टक्के, मालकाचे १२ टक्के, विम्याचा अर्धा टक्का आणि प्रशासकीय खर्चाचा अर्धा टक्का असे २५ टक्के धरले की महिन्याला २७,०००. छत्तीस महिन्यांचे झाले ९,७२,०००. त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि दंड वेगळा, जो जून २०२४ पासून महिन्याला १ टक्का केलाय. सरासरी अठरा महिने उशीर धरला तर दोन्हीचे मिळून साधारण साडेतीन लाख. सव्वातेरा लाखांच्या घरात जातं प्रकरण. आणि यातला कर्मचाऱ्याचा १२ टक्क्यांचा वाटा आता त्याच्या पगारातून कापता येत नाही, मागच्या महिन्यांचा वाटा नंतर वसूल करायला कायद्यात बंदी आहे, तोही मालकानेच भरायचा. दर महिन्याला वेळेत भरले असते तर मालकाच्या खिशातून १३ टक्के गेले असते.

कॉन्ट्रॅक्टरचा विषय यापेक्षा अवघड. "ती माणसं माझी नाहीत, ठेकेदाराची आहेत" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर मुख्य मालकाला भरावा लागतो, हे कायद्यात स्पष्ट आहे. ठेकेदाराचं बिल पास करताना त्याच महिन्याचा त्याचा ईसीआर आणि भरलेलं चलान मागा, नुसतं चलान नको, कारण चलानवर फक्त रक्कम असते, नावं नसतात, आणि तोच ठेकेदार चार ठिकाणी माणसं पुरवत असतो तर एकच चलान चौघांना दाखवतो. नावांची यादी आपल्या गेट रजिस्टरशी जुळवा. जुळली नाही तर बिल थांबवा. कटकट वाटते, ठेकेदार नाराजही होतो, पण तपासणीच्या दिवशी तो फोन उचलत नाही हेही मी पाहिलंय.

दुसरी नेहमीची चूक पगाराच्या फोडीची. पगार १४ हजार, त्यात बेसिक ६ हजार दाखवायचा आणि बाकी स्पेशल अलाऊन्स, कन्व्हेयन्स, वॉशिंग असले भत्ते करून पीएफ फक्त ६ हजारांवर भरायचा. सुप्रीम कोर्टाने २८ फेब्रुवारी २०१९ ला सांगून टाकलंय की जो भत्ता सगळ्यांना सरसकट मिळतो तो बेसिकचाच भाग. घरभाडं, ओव्हरटाइम, बोनस, कमिशन यांना मूळ कायद्यात सूट होती म्हणून लोकांनी घरभाडंच फुगवलं. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता आल्यात, त्यात वगळलेल्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेली की वरचा भाग वेतनातच धरायचा असं आहे. ज्यांची फोड अजून जुनी आहे त्यांनी आजच सीएकडे जाऊन ती बदलून घ्यावी, नोटिशीची वाट बघू नये.

आणि फॉर्म ११! माणूस कामाला लागला त्या दिवशी भरून घ्यायचा साधा कागद, आधी पीएफचा सभासद होता का एवढंच त्यात तो लिहून देतो. पगार १५ हजारांच्या वर आहे म्हणून तुम्ही त्याला पीएफमधून सोडलं, पण तो आधीच्या नोकरीत सभासद होता आणि पैसे काढलेले नाहीत, तर तो सुटत नाही. हा कागद नसेल तर "तो सूट मिळालेला कर्मचारी होता" हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच उरत नाही. दहा मिनिटांचं काम आहे, तरी निम्म्या फायलींत तो नसतो.

ईएसआयसीत लोक फसतात ते २१ हजारांच्या मर्यादेपाशी. एखाद्याचा पगार जूनमध्ये २१ हजारांच्या वर गेला की लगेच त्याचं नाव काढून टाकतात. तसं करता येत नाही, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे हप्त्याचे कालावधी आहेत, तो कालावधी संपेपर्यंत वाढलेल्या पगारावर भरत राहायचं, कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५. जुन्या कायद्यात ओव्हरटाइम मर्यादा मोजताना धरायचा नव्हता पण हप्ता काढताना धरायचा होता, हे उलटंसुलटं करणारे बरेच.

प्रोफेशन टॅक्स रकमेने लहान पण त्यातही चुका. महाराष्ट्रात महिन्याचे २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २५००. एप्रिल २०२३ पासून महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगाराला हा लागत नाही, तरी कापत बसलेले लोक मी बघितलेत. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरला असतो, तो हमखास विसरला जातो.

टीडीएसमध्ये एकच गोष्ट सांगतो. रोज दहा ते सहा येणारा, रजा मागून घेणारा, तुमच्याच कॉम्प्युटरवर बसणारा माणूस "कन्सल्टंट" म्हणून दाखवून प्रोफेशनल फीचा १० टक्के टीडीएस कापला म्हणजे तो कर्मचारी राहत नाही असं होत नाही. कागदावर काय लिहिलंय यापेक्षा काम कसं चालतं ते बघितलं जातं, आणि तो कर्मचारी ठरला की टीडीएसबरोबर पीएफ, ईएसआयसी सगळ्यांचंच जुनं खातं उघडतं.

तपासणीच्या दिवसाबद्दल थोडं. बोलायला एकच माणूस ठेवा, ज्याला हिशोब माहीत आहे असा. मालक, मुलगा, अकाउंटंट, सुपरवायझर चौघं चार उत्तरं देतात आणि चारही लिहून घेतली जातात. जो कागद द्याल त्याची यादी करा आणि त्यावर पोच घ्या. मूळ कागद द्यायची वेळ आली तर आधी झेरॉक्स. माहीत नसेल तर "बघून लेखी कळवतो" म्हणा, त्यात कमीपणा नाही, ठोकून दिलेलं उत्तर पुढे महागात पडतं. जबाबावर सही करायच्या आधी पूर्ण वाचा, कोऱ्या जागेवर सही करू नका. प्रकरण थकबाकी ठरवायच्या चौकशीत (जुन्या पीएफ कायद्यातलं कलम ७ए) गेलं तर तारखेला हजर राहा, कारण तिथल्या अधिकाऱ्याला दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात आणि तुम्ही गेला नाहीत तर समोर आहे त्यावर एकतर्फी रक्कम ठरते. नंतर अपील करायचं म्हटलं तर जुन्या कायद्यात ठरलेल्या रकमेचे ७५ टक्के आधी भरा म्हणायचे, ट्रिब्युनलने सूट दिली तरच कमी व्हायचं; नव्या संहितेत ते २५ टक्के केलेत.

चूक आपणच शोधली असेल तर ती आपणच पुढे ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. केंद्राने १ नोव्हेंबर २०२५ ते ३० एप्रिल २०२६ अशी मुदत देऊन जुलै २०१७ पासून राहून गेलेल्या कर्मचाऱ्यांची नावं आपणहून लावायची सोय ठेवली होती, दंड फक्त १०० रुपये, आणि कर्मचाऱ्याचा वाटा कापलाच नसेल तर तो माफ. माझ्या ओळखीतल्या किती जणांना मी तेव्हा फोन केले, बहुतेकांचं एकच, "कशाला स्वतःहून सांगायचं". रात्री फोन करणारे ते मालकही त्यातलेच. आता त्यांची सुनावणी चालू आहे. नऊ जणांची यादी आम्हीच दिली, कुठली रक्कम मजुरी नाही हे बिलांसकट दाखवलं, त्यामुळे निदान सगळं लेबर चार्जेस खातं मजुरी धरलं गेलं नाही.

हे सगळं मी मालकांच्या बाजूने लिहितोय असं वाटेल, पण मला हे खरं लागतं ते दुसऱ्या कारणाने. बऱ्याच वर्षांपूर्वी एका युनिटमधल्या कामगाराची बायको माझ्याकडे आली होती, नवरा अचानक गेलेला. तिच्याकडे पगाराच्या स्लिपा होत्या, नीट घडी घालून ठेवलेल्या, प्रत्येक स्लिपवर पीएफ कापलेला. ऑफिसात खातंच नव्हतं. ते युनिट माझ्याकडे नव्हतं, मी तिला अर्ज लिहून दिला, सोबत गेलो, पण तोवर कारखाना बंद होऊन मालक निघून गेलेला. पीएफच्या सभासदाला विमा असतो, आज तो ७ लाखांपर्यंत आहे, विधवेला पेन्शन असते. त्या बाईला यातलं काहीच मिळालं नाही. कापून घेतलेला पैसा न भरणं हा फौजदारी कायद्यात विश्वासघात धरलाय आणि तो तसाच आहे, त्याला मी कधीच "अडचण होती" म्हणू शकलो नाही.

पीएफ ऑफिसलाही एक विनंती. नोटिशीत कुठले महिने आणि कुठले कागद हे नेमकं लिहा. "सर्व रेकॉर्ड घेऊन हजर राहावे" असं वाचलं की छोटा मालक घाबरतो आणि मस्टर लिहायला नाहीतर मध्यस्थ शोधायला पळतो. १६ ऑक्टोबर २०१४ ला केंद्राचं श्रम सुविधा पोर्टल सुरू झालं तेव्हा तपासणीचा अहवाल ७२ तासांत पोर्टलवर टाकायचं ठरलं होतं. तो अहवाल वेळेत मालकाच्या हातात पडला तर निम्मी भीती जाईल.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडे एक मागणं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आतल्या पानावर एक छोटी चौकट द्या: ७ तारखेला टीडीएस, १५ तारखेला पीएफ आणि ईएसआयसी, जून-डिसेंबरला कामगार कल्याण निधी. चार ओळींची जागा लागेल. मजकूर दर महिन्याला मी पाठवीन, नाव नाही छापलं तरी चालेल.

आपला नम्र,
पगारपत्रकं करणारा एक वाचक