दिवाळीत मी मागं का सरले

आई, आप्पा, नमस्कार.

हे मोबाईलवर टाईप करून बारक्याच्या व्हॉट्सअपवर पाठवतेय, त्याला सांगितलंय की प्रिंट काढून आप्पांच्या हातात दे आणि तू वाचू नको. फोनवर हे बोलणं जमत नाही, आप्पांना अर्धं ऐकू येत नाही मग मला ओरडावं लागतं, आणि बेळगावच्या शहापुरातली आमची भिंत किती जाड आहे ते तुम्हाला माहीतच आहे. आप्पा, तुम्ही आईला मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं गाळू नका. छाती, काख असले शब्द येतील, छातीच्या कॅन्सरला तीन वर्षं झाली, आता त्यात लाजायचं काय राहिलंय.

गणपतीला मी आले नाही. शिलाईचं काम लई आहे म्हणून सांगितलं. काम होतंच, पण कामासाठी मी आजवर कधी गणपती चुकवलाय का? खरं कारण बरगडी. डावी बाजू, ऑपरेशनच्या खुणेखाली दोन-तीन बोटं. जूनमध्ये एक दिवस पहाटे नळाला राकसकोप धरणाचं पाणी आलं, बॅरल धुवून घ्यावा म्हणून मी तळातला गाळ काढायला ओणवी झाले, काठ छातीखाली रुतला आणि आत कट् असा आवाज आला, वाळलेली शेंग मोडल्यासारखा. श्वासच अडकला. तशीच बॅरलला धरून उभी राहिले, पाणी भरून वाहून गटारात गेलं तरी नळ बंद करायला हात पुढं जाईना.

आणि मी तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. ह्यांनापण नाही. कारण दुखण्यापेक्षा भीती मोठी होती. आमच्यासारख्या बायकांना हाड दुखलं की एकच गोष्ट डोक्यात येते, हा आजार परत आला तर बरेचदा हाडातच येतो हे मी पहिल्याच वर्षी ऐकलं होतं आणि ऐकलेलं ते काय विसरत नाही. रात्री दोनला उठून बसायचे, हे घोरत असायचे, आणि मी अंधारात एकेक बरगडी बोटानं मोजायचे. शिंक आली की उशी छातीशी धरायची. कुशीवर वळताना पलंगाची कड धरून वळायचं. मिशीनवर बसले की कापड सरकवताना डावा हात पुढं जातो ना, तिथं बरोब्बर कळ.

शेवटी ह्यांनीच पकडलं. म्हणाले तू आजकाल भाकरी बसून थापतेस, उभ्यानं का नाही. मग गेलो.

डॉक्टरनी हाडांचा स्कॅन सांगितला. आधी एक इंजेक्शन देतात, मग तीन तास बसायचं, भरपूर पाणी प्यायचं, लघवीला जाऊन यायचं आणि मग त्या मिशीनखाली न हलता पडायचं. ते तीन तास कसे गेले ते लिहीत नाही. रिपोर्टमध्ये डाव्या बाजूच्या पाचव्या आणि सहाव्या बरगडीवर काळे ठिपके आले. आई, थांब, लगेच देवापुढं जाऊ नको, पुढं ऐक. डॉक्टर म्हणाले ह्या स्कॅनला फक्त एवढंच कळतं की तिथं हाडाचं काम चाललंय, ते मोडलेलं जुळायलंय की दुसरं काय ते त्याला कळत नाही. म्हणून सीटी स्कॅन काढला. त्यात दिसलं, दोन्ही बरगड्यांना केसाएवढी चीर, आणि कडेनं नवीन हाड धरायला लागलेलं. दुसरं काही नाही. तरी तीन महिन्यांनी परत बघू म्हणालेत, ते मी करणार आहे, टाळणार नाही.

आता आप्पा तुम्ही विचारणार, बॅरलवर ओणवं झालं म्हणून बरगडी मोडते होय? तुम्ही खानापूरच्या कौलाच्या कारखान्यात एवढी वर्षं काढलीत, तुम्हीच सांगायचा ना, जास्त जाळ लागलेलं कौल बघायला बरं दिसतं पण छपरावर ठेवताना तडकतं. तसंच. २०२३ मध्ये मला पंधरा दिवस लाईट म्हणजे रेडिएशन दिलं, ते छातीतल्या उरल्यासुरल्या आजारासाठी, पण त्याच्याखाली बरगड्यापण येतातच. त्या वर्ष-दोन वर्षांनी ठिसूळ होऊ शकतात. सगळ्यांच्या होत नाहीत, थोड्याजणींच्याच होतात, त्यात माझा नंबर लागला. आणि वर ती लेट्रोझोलची गोळी, रोज एक, पाच वर्षं घ्यायची आहे. ती अंगातलं बाईपणाचं हार्मोन अगदी कमी करते म्हणजे आजाराला खायला मिळत नाही, पण त्याच हार्मोनवर हाडंपण पोसतात. डेक्सा म्हणून एक टेस्ट असते, त्यात माझा आकडा उणे २.१ आलाय. उणे अडीचच्या खाली गेला की पक्का ठिसूळपणा म्हणतात, म्हणजे मी उंबरठ्यावर आहे. गोळी बंद करू का विचारलं तर डॉक्टर माझ्याकडं असं बघायला लागले की मीच गप्प बसले. कॅल्शियम, आठवड्याला एक डी-३ ची पुडी, आणि सहा महिन्यांनी एक सलाईन, हाडांसाठीच. त्याच्याआधी दातांच्या डॉक्टरकडं जाऊन या म्हणाले, दात काढायचा असेल तर आधीच काढून घ्यायचा, नंतर जबड्याचं हाड लवकर भरत नाही. म्हणून मागच्या महिन्यात दाढ काढली. तोंड सुजलं होतं तेव्हा व्हिडिओ कॉल का उचलला नाही ते आता कळलं असेल.

हे झालं नवीन दुखणं. जुनं वेगळंच आहे, आणि आई, तुला सांगायचं आहे ते खरं हेच.

मागच्या दिवाळीत मी आले, तू दारातच मला जवळ घेतलंस, घट्ट, तुझ्या पद्धतीनं, आणि मी मागं सरले. तू काही बोलली नाहीस. रात्री वहिनीला म्हणालीस, बेबी आता शहराची झाली, अंगाला हात लावलेला चालत नाही. मी परड्यात होते, मी ऐकलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं असतं तर दिवाळीभर तू रडत बसली असतीस आणि आप्पा न जेवता उठले असते, म्हणून गप्प बसले, आणि वर्षभर ते माझ्या घशात अडकून राहिलंय.

झालंय असं की काखेतल्या गाठी काढताना तिथली एक शीर दुखावते, काहीजणींची कापलीच जाते. काख, दंडाची आतली बाजू आणि बरगडीचा वरचा भाग तिच्याकडं असतो. त्यामुळं तिथली कातडी बधिर आहे, चिमटा काढला तरी कळत नाही. पण आतून आग होते, मधेच चमक मारते, ब्लाउजची शिवण घासली तरी झणझणतं. बधिरपण आणि दुखतंयपण, हे कसं म्हणून मीच डॉक्टरांशी भांडले. आप्पा, आपल्या बोअरच्या मोटरची वायर उंदरानं कुरतडली होती आठवतं? मोटर बंद, पाणी नाही, पण पेटीला हात लावला की झटका. तसं आहे बघा. तू जवळ घेतलंस तेव्हा तुझा हात बरोबर त्या जागेवर आला. शॉक बसल्यासारखं मागं सरले मी, तुझ्यापासून नाही गे.

मागच्या वर्षी एका डॉक्टरला हे सांगितलं तर म्हणाला, ऑपरेशन छान झालंय, हे मनाचं आहे, आणि झोपेची गोळी लिहून दिली. मी पण वर्षभर मनाचंच समजत होते. आता दुसऱ्या मॅडम भेटल्या, त्यांनी सांगितलं की चार-पाचजणींत एकीला तरी असं दुखणं मागं राहतं, तीन महिन्यांच्या पुढं राहिलं की त्याला वेगळं औषध लागतं, साध्या दुखण्याच्या गोळीनं ते जात नाही. रात्री प्रीगॅबालिन म्हणून ७५ ची गोळी आहे. पहिले आठ दिवस सकाळी मिशीनवर पेंगत होते, एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. आता सवय झाली. आग निम्म्यावर आली आहे, शून्यावर येईल असं त्यांनी कबूल केलेलं नाही.

फिजिओथेरपीची मुलगी कन्नड आहे. रोज पहिला प्रश्न, दहातलं एष्टु नोवु, म्हणजे किती दुखतंय? मी चार म्हणते, पाच म्हणते. एक दिवस म्हटलं आकड्यात नाही सांगता येत, आपल्याकडं कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी, आग वेगळी. तिनं वहीत सगळं उतरून घेतलं आणि म्हणाली, आग म्हणजे उरि, ते मला पटकन कळलं. आता ती विचारते, आज ठणका की चमक? असं कुणी विचारलं की निम्मं दुखणं हलकं होतं, खरंच. ती भिंतीवर बोटं चढवायला लावते, मुंगीसारखी, कॅलेंडरच्या शेजारी पेन्सिलीनं खूण करायची. ऑगस्टमध्ये खूण कॅलेंडरच्या खिळ्याच्या खाली होती, आज चार बोटं वर आहे. आणि बरगडीवर हात ठेवून सावकाश लांब श्वास. दुखतंय म्हणून उथळ श्वास घेत बसलं तर बाजू आखडून जाते म्हणते.

आता आई, तुझी औषधं. राग धरू नको. निरगुडीचा पाला तू पाठवलास, मी गरम करून शेकलं, आणि मला कळलंच नाही किती गरम आहे ते, कातडी बधिर ना. ह्यांनी बघितलं तेव्हा रुपयाएवढा फोड आला होता. म्हणून त्या बाजूला शेक नको, गरम पिशवी नको. मालीश नको. आणि ते हाडं बसवणारे मामा, त्यांनी दादाचा पाय नीट केला, मान्य, पण माझ्या बरगडीला त्यांचा हात लागू द्यायचा नाही, चिरलेल्या बरगडीवर दाब दिला तर आत फुप्फुस आहे. नाचणीची आंबील मात्र रोज घेते. यल्लम्माला बोललीस ते फेडायला जाऊ, पण पौर्णिमेच्या गर्दीत नाही.

गर्दीवरून आठवलं. गणपतीला यायला मी निघालेसुद्धा होते. बायकांना बस फुकट झाल्यापासून जांबोटी गाडीला काय गर्दी असते ते तुम्ही बघताच, आधार दाखवायला पिशवीत हात घालायची सोय नाही. एका बाईच्या टोपलीची कड डाव्या बाजूला बसली. पिरनवाडी येईपर्यंत कसंबसं धरलं, पण पुढं किणयेपर्यंतचे खड्डे आठवले आणि मी पिरनवाडीलाच उतरले. रिक्षा करून घरी. दोन तास पडून होते. मग तुम्हाला फोन केला की काम आहे.

एक गंमतीचं सांगते. बाजारातल्या आतल्या कपड्यांचं इलास्टिक बरोबर त्या बरगडीवर बसतं, रात्री काढलं की वळ. शेवटी मीच शिवलं, मऊ जुन्या धोतराचं (आप्पा, तुमचंच, माळ्यावर ठेवलेलं होतं), पुढून बटणं, खाली इलास्टिक नाही, नुसती रुंद पट्टी, आणि डाव्या बाजूला, काढलेल्या छातीच्या जागी, सरकीचा कापूस भरलेली पिशवी. सरकी काढून. हलकी होते म्हणून वर सरकायची, मग तळाला थोडे काचेचे मणी घातले. हे ऐकून हिंडलग्याकडची एकजण आली, तिची सेम केस, तिला शिवून दिलं. मग तिनं अजून दोघींना पाठवलं. पैसे कापडाचे तेवढे घेते. त्या येतात, मापं देतात आणि मग तासभर बसतात. मापं दहा मिनिटांतच होतात.

तुम्ही दोघं रोज फोनवर विचारता, बरं आहे ना? आणि मी रोज म्हणते, बरं आहे. ते खोटं नाही. रिपोर्ट चांगले आहेत, जेवते, कमावते. आणि दुखतंयपण. मला दोन्ही सांगता आलं पाहिजे, एवढंच. दुखतंय म्हटलं की आप्पांनी दादाला गाडी काढायला लावायची नाही. कधी घाबरायचं ते मला सांगून ठेवलंय: नवीन जागी दुखायला लागलं, पाठीच्या मणक्यात दुखलं, रात्रंदिवस न थांबता वाढत गेलं, दम लागला, पायातलं बळ गेलं. तसलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडं जाईन आणि त्याच दिवशी तुम्हाला सांगेन. लपवणार नाही, शपथ.

शनिवारी येते. हे म्हणाले दुपारची गाडी रिकामी असते, मधल्या सीटवर खिडकीला डावी बाजू करून बसायचं आणि मधे उशी. आप्पा, स्टँडवर मोटरसायकल घेऊन येऊ नका, चालत येईन. कुंदा आणते पावशेर, शुगर बघून एकच चमचा. आई, दारात आल्यावर उजव्या बाजूनं जवळ घे, पाहिजे तेवढं घट्ट.

आणि जाताना बासमती, नाचणी, फणसाचे पापड असं पोतं बांधून ठेवशील ते आधीच सांगते, पाच किलोच्या वर मला उचलायचं नाही. वजनकाट्यावर घालून बघ. अंदाजानं नको, तुझं पाच किलो म्हणजे आठ असतं.

तुमची,
बेबी