‘नेमकी कुठे फुटली?’ या प्रश्नाबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

आमच्या हीट एक्स्चेंजरच्या (एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राच्या) ट्यूब एकामागून एक फुटत होत्या, तेव्हा ना ओळख, ना करार, तरी तुम्ही वेळ दिलात. त्याचे आभार फोनवर मानलेच आहेत. हे पत्र उघडपणे लिहितोय ते तुमच्या पहिल्या प्रश्नासाठी. देखभाल खात्यातल्या इतरांच्याही तो कामी यावा.

आम्ही सगळे धातू आणि गंज यांतच अडकलो होतो. तुम्ही विचारलंत, “फुटलेल्या ट्यूब बंडलमध्ये नेमक्या कुठे आहेत?” ट्यूबशीटच्या (ट्यूबची टोकं बसवलेल्या प्लेटच्या) नकाशावर खुणा केल्या, तर बहुतेक सगळ्या बॅफलच्या, म्हणजे ट्यूबना आधार देत प्रवाह वळवणाऱ्या प्लेटच्या, कापलेल्या भागासमोर निघाल्या. तिथल्या ट्यूबना एकाआड एक बॅफलचाच आधार असतो. आधारांमधलं अंतर दुप्पट, म्हणजे नैसर्गिक वारंवारिता (धक्का दिल्यावर ट्यूब आपोआप सेकंदाला जितक्या वेळा थरथरते ती) साधारण चौथाईवर! बाहेर काढलेल्या ट्यूबच्या मधोमध चकचकीत, सपाट झिजलेला पट्टा होता. फोटो बघून तुम्ही म्हणालात, “हा गंज नाही, ही शेजारच्या ट्यूबशी झालेली टक्कर आहे.”

आमचा संशय ट्यूबमागे प्रवाहात सुटणाऱ्या भोवऱ्यांवर होता. तुम्ही तो हिशेबही करून दाखवलात: १९ मिमी व्यासाची एकटी ट्यूब आणि सेकंदाला १ मीटर वेग असेल, तर भोवरे सेकंदाला दहाएक वेळा सुटतात. पण दाटीवाटीच्या बंडलमध्ये खरी भीती फ्लुइड-इलॅस्टिक अस्थिरतेची. ट्यूब हलली की भोवतालचा प्रवाह बदलतो आणि बदललेला प्रवाह तिला आणखी ढकलतो. डॅम्पिंगला, म्हणजे थरथर शमवण्याच्या क्षमतेला, हे झेपतं तोवर काही कळतही नाही. क्रांतिक वेग ओलांडला की थरथर एकदम भडकते. कॉनर्स यांच्या १९७० च्या सूत्रात हा वेग नैसर्गिक वारंवारितेच्या प्रमाणात वाढतो. आमच्याकडे उत्पादनासोबत शेलमधला (ट्यूबभोवतालच्या बाहेरच्या कवचातला) प्रवाहही वाढला होता, आणि ट्यूब तर होत्या तशाच.

‘जाड ट्यूब घाला’ हा सल्ला आम्हाला येता-जाता मिळत होता. (असे सल्ले नेहमी फुकटच असतात, तुमचाही फुकटच होता, पण त्याला गणित होतं.) जाडीने ताठपणा वाढतो तसं वजनही वाढतं, त्यामुळे वारंवारिता फारशी हलत नाही. त्यापेक्षा आधार जवळ आणा, असं तुम्ही सांगितलंत. त्या भागात ट्यूबच्या रांगांमध्ये धातूच्या पट्ट्या सरकवल्या आणि गळती थांबली. प्लग केलेली (टोकं बुजवून बंद केलेली) ट्यूब थरथरायची थांबत नाही, तुटून शेजारच्या ट्यूब कापू शकते, ही तुमची ताकीदही आम्ही पाळली. अशा ट्यूबमध्ये आता आतून दांडा बसवतो.

अमेरिकेतल्या सॅन ओनोफ्रे अणुवीज केंद्राची गोष्ट मी आता प्रत्येक नव्या इंजिनिअरला सांगतो. तिथले नवे स्टीम जनरेटर जेमतेम वापरात आले होते आणि २०१२ मध्ये गळती लागली. यू-बेंडच्या (ट्यूबच्या U आकाराच्या वळणाच्या) प्रतलाबाहेरच्या हालचालीला आधार होता, पण याच अस्थिरतेने ट्यूब हलल्या त्या प्रतलातच. २०१३ मध्ये ते केंद्र कायमचं बंद करायचं ठरलं.

आमच्या नव्या बंडलचं ड्रॉइंग येतंय. कापलेल्या भागासमोर ट्यूबच नकोत, असं कळवलं आहे; शेल थोडा मोठा होईल, होऊ दे. इनलेट नोझलसमोरचा (प्रवाह आत येतो त्या तोंडासमोरचा) स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, मात्र मला अजून लांब वाटतो. ड्रॉइंग पाठवतो, तेवढं बघाल का?

आपला कृतज्ञ,
देखभाल विभागातला एक इंजिनिअर