पोहता येते, पण पाण्यापर्यंत जायचे कसे?

महोदय,

१९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे बळ गमावलेले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर मुक्त शैलीत सुवर्णपदक जिंकतात, मात्र पद्मश्रीसाठी त्यांना २०१८ उजाडावे लागते, यातच अपंग जलतरणपटूच्या कारकिर्दीविषयीची आपली आस्था दिसते.

आमच्या गावात पोरे पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. गुडघ्याखाली पाय नसलेला एक मुलगा कृत्रिम पाय पायरीवर काढून ठेवतो, धोतराच्या फडक्याने झाकतो (ऊन लागून पट्टा तडकतो म्हणे) आणि धडधाकट पोरांच्या आधी पलीकडची कड गाठतो. गेल्या उन्हाळ्यात त्याला शहरातल्या एका जलतरण तलावावर नेले. पाण्यात उतरायला उभी लोखंडी शिडी, कपडे बदलण्याची खोली जिना चढून वर, आणि वर ‘जबाबदारी कोणाची?’ हा प्रश्न! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात क्रीडा सुविधा अनुरूप करण्याची तरतूद असूनही ही अवस्था आहे.

शिवाय, शारीरिक अपंगत्वासाठी मुक्त शैलीत अपंगत्व किती आहे त्यानुसार एस-१ ते एस-१० असे गट असतात आणि वर्गीकरणाच्या तपासणीशिवाय अधिकृत स्पर्धेत उतरता येत नाही, हे आमच्याकडच्या किती क्रीडाशिक्षकांना ठाऊक आहे? जिल्हा क्रीडा कार्यालयांनी ही माहिती उन्हाळ्यापूर्वी गावोगावच्या शाळांत पोहोचवावी आणि प्रत्येक तलावावर निदान एक उतार व कठडा बांधावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा