गोधडी नेतेय

ती. आई-बाबांना सा. न.

दोन वर्षांसाठी फ्रान्सला, ग्रनोबलला जायचं ठरवलंय. सही करून झाली. फोनवर सांगितलं असतं तर बाबा नुसतं "बरं" म्हणाले असते, म्हणून लिहिते.

बाबा, तुम्ही विचाराल, ट्रॉम्बेला ध्रुव अणुभट्टी असताना तिकडे कशाला? ध्रुव भट्टी 100 मेगावॉटची, तिकडची 58ची. पण तिचा गाभा लहान, एकवटलेला. न्यूट्रॉनचा झोत कितीतरी दाट निघतो, आणि अणूंचं चुंबकत्व कसं मांडलंय ते त्या झोतानेच बघायचंय.

काम वावरातलंच समजा. फुलीवर एकाआड एक सरकी आणि तूर टोबली, की सख्खा शेजारी कधी सारखा येत नाही. त्रिकोणात टोबा: एक सरकी, एक तूर, तिसऱ्या जागी काय? काहीही टोबा, एक जोडी सारखी होतेच. तांबं-लोखंडाच्या ऑक्साइडात लोखंडाचे अणू थराथरांत असे त्रिकोणांनी बसलेत, आणि प्रत्येकाच्या चुंबकत्वाला शेजाऱ्याच्या उलट तोंड हवं. म्हणून उणे 259 अंशांपर्यंत शिस्तच लागत नाही. उणे 262च्या खाली दोन वर, दोन खाली अशी रांग लागते, तीही स्फटिक जरासा वाकडा होऊन त्रिकोणाच्या बाजू असमान करतो तेव्हा. धुरा सरकवून मिटवलेलं भांडण!

या ऑक्साइडाच्या 5 ग्रॅम मालाला 2.363 ग्रॅम क्युप्रस ऑक्साइड, 2.637 ग्रॅम फेरिक ऑक्साइड. खलात घोटायचं, वड्या दाबायच्या, आर्गॉनमध्ये 1000 अंशांच्या आसपास भाजायचं. हवा शिरली की स्पिनेल होतो, म्हणजे चुंबकाला चिकटणारं वेगळंच ऑक्साइड. भुकटीजवळ चुंबक धरायचं. कण चिकटले तर माल गेला. झोतात मोजताना भुकटीची डबी व्हॅनेडियम धातूची, कारण मोजणीत तिच्या स्वतःच्या रेषा जवळजवळ उमटत नाहीत.

आई, किरणांची भीती नको. झडप बंद झाल्याशिवाय झोताकडचं दार उघडतच नाही, छातीला मोजणीचा बिल्लाही असतो. खोलीत हीटर आहे. तुरीची डाळ, मूगवड्या, तिखट घेतलंय. तुझ्या जुन्या लुगड्याची गोधडी 2 किलो भरली. वजन जास्त झालं तर कुकर काढीन, गोधडी नाही. अजून तिचा कोपरा गालाखाली लागतो गं.

बीपीची गोळी रोज, बरं वाटलं तरी. बाबा, फवारणीचा पंप तुम्ही उचलायचा नाही. माणूस लावा, पैसे पाठवते. रागावू नका, मला कळतंच सगळं.

आणि पूर्वेच्या धुऱ्याचं काकांशी आत्ता काही काढू नका. मी आल्यावर बघू.

तुमची,
बारकी