सीजीपीएचा हिशोब पोरांना कोण सांगणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी किराणा दुकानदार, शिक्षण बारावी, पण हिशोबात कच्चा नाही म्हणून हे लिहितोय. माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे, चार सेमिस्टर झाले, सीजीपीए (म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून 10 पैकी सरासरी) 6.7. मागच्या महिन्यात इंटर्नशिपचा ऑनलाइन फॉर्म भरायला बसलो तर त्यात टक्के मागितलेले आणि खाली अट, किमान 60. आता 6.7 चे टक्के किती? नेट कॅफेवाला म्हणाला 9.5 ने गुणा, 63.65 आले. तिची मैत्रीण म्हणते सरळ 10 ने गुण, म्हणजे 67. मग मुलीनेच एआयसीटीईचा, म्हणजे देशाच्या तंत्रशिक्षण परिषदेचा, तक्ता शोधला, त्यात 6.75 ला 60 टक्के आणि 7.25 ला 65, त्या हिशोबाने हिचे होतात 59.5. म्हणजे एकच पोरगी, एकच मार्कशीट, आणि एका हिशोबाने पास तर दुसऱ्याने अर्ध्या टक्क्याने बाहेर! ते 9.5 तर सीबीएसईच्या दहावीचं होतं, तिथे 2018 पासून परत मार्क सुरू झाले तरी लोक अजून तेच धरून बसलेत. कॉलेजच्या ऑफिसात विचारलं तर म्हणे विद्यापीठाच्या वेबसाइटवर बघा.

खरं दुखणं पुढचं आहे. क्रेडिटचा, म्हणजे कोणत्या विषयाला किती वजन त्याचा, अर्थच पोरांना कोणी नीट सांगत नाही. हिला लॅबला 10 पॉइंट मिळाले, घरात पेढे, आणि मॅथ्सला 5. ही म्हणते सरासरी साडेसात. अगं बाई, लॅब 1 क्रेडिटची, मॅथ्स 4 चं! मी तिला दुकानातलं उदाहरण दिलं, 50 च्या भावाचा 10 किलो तांदूळ आणि 80 चा 2 किलो एकत्र केला तर भाव 65 पडत नाही, 55 पडतो. तसंच इथे, 10 गुणिले 1 आणि 5 गुणिले 4 मिळून 30, भागिले 5, आले 6. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आणि ही पोरं रात्र रात्र जागून जर्नल लिहिणार, सबमिशनसाठी धावणार, आणि 4 क्रेडिटचा पेपर आदल्या रात्री उघडणार.

मग आम्ही दोघांनी दुकानाच्या वहीतच पुढचा हिशोब मांडला. डिग्री 160 क्रेडिटची, त्यातले 84 झाले. शेवटी 7.25 पाहिजे म्हणजे एकूण 1160 पॉइंट, आत्तापर्यंत जमा 562.8, उरले 597.2, ते 76 क्रेडिटमधून काढायचे म्हणजे इथून पुढे प्रत्येक सेमिस्टरला साधारण 7.86. अवघड आहे पण जमण्यासारखं. हेच 6.7 वर रेंगाळत राहून शेवटच्या सेमिस्टरला जाग आली असती, 20 क्रेडिट शिल्लक असताना, तर लागले असते 11.1, आणि ते तर 10 च्या वर मिळतच नाहीत! मुलगी वहीकडे बघतच राहिली, म्हणाली पप्पा हे आम्हाला फर्स्ट इयरला का नाही सांगितलं? मी काय उत्तर देणार.

फ्रेशर्स पार्टीला वेळ असतो, फेट्याला ढोलाला पैसे असतात, मग पहिल्या आठवड्यात अर्धा तास फळ्यावर एवढा हिशोब करून दाखवायला काय हरकत आहे? आणि विद्यापीठांनी मार्कशीटच्या मागे आपला टक्क्यांचा फॉर्म्युला ठळक छापावा, काही छापतातही, पण एवढ्या बारीक अक्षरात की माझ्या चष्म्याला तर दिसत नाही. फॉर्मवाल्यांनीही कोणता फॉर्म्युला धरायचा ते लिहावं, नाहीतर टक्के मागूच नयेत, सरळ सीजीपीए मागावा.

तुमच्या शिक्षणाच्या पानावर एकदा असा सोडवलेला हिशोब छापा साहेब. मी कात्रण काउंटरवर चिकटवतो, दूध घ्यायला कॉलेजची पोरं रोज येतातच.

आपला,
एक पालक, बार्शी