आखराचं गार्डन झालं, पोळा रोडवर आला

मा. संपादक साहेब,
नमस्कार. तुमच्या पेपरात गावोगावच्या गार्डनचे फोटो येऊन राह्यले, फीत कापतानाचे. आमच्या गावचं गार्डन होऊन दुसरं वर्ष लागलं, तर फीत कापल्यावर काय झालं तेही छापा जी.

ही जागा म्हणजे आमचा आखर. सकाळी गायकी, म्हणजे गुराखी, इथंच ढोरं जमा करे, पोळ्याला इथंच तोरण बांधून जोड्या लागत, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी होत, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या रात्री दंडार हे आमचं लोकनाट्य, आन् धानाच्या रोवण्याहून परतताना बाया घटकाभर कडुनिंबाखाली टेकत. फाईलमध्ये मात्र तिला ‘मोकळी जागा’ लिहिलं. मोकळी कधी होती बाप्पा?

निंब तोडला, जमिनीवर गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे बसले, कंपाऊंड, गेट, ओपन जिम, आन् सिमेंटचे बाकडे, त्याच्यावर निधीवाल्याचं नाव असं उठावदार की टेकलं तर पाठीत रुतते. झाड एकही नाही, कारण एस्टिमेटमध्ये गट्टूला रेट भेटते, सावलीला भेटत नाही. मे महिन्यात पारा कधी कधी ४५ च्या वर जातो, दुपारी त्या जिमच्या दांड्याला हात लावून दाखवावा कोणी! संध्याकाळी थंड होते तर गेटला कुलूप, चावी एका मेंबरच्या घरी. यंदा पोळा डांबरी रोडवर भरला, मागं एसटी अडकली, ड्रायव्हरनं हॉर्न मारला आन् अर्ध्या जोड्या बुजून तोरणाखालून पळाल्या.

२०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग केसमध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं होतं, गावाच्या सामाईक जमिनीवरचे बेकायदा कब्जे हटवा म्हणून. गरिबानं तिथं टिनाचं शेड टाकलं तर अतिक्रमण, आन् निधीतून गेट लावून गावालाच बाहेर ठेवलं तर सुशोभीकरण. कायद्यात बसत असंल, मले नाही समजत.

ग्रामसभेत नकाशा कधी उलगडलाच नाही. रजिस्टरात सह्या मात्र हायेत, माझीपण हाय, चहा पिता पिता केली.

आता म्हणे मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीवर वॉकिंग ट्रॅक आन् सेल्फी पॉइंट येते. तिथं ढिवर लोकं जाळे वाळवतात, खालून धानाला पाणी सुटते. यावेळी कामाच्या आधी नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीला लावा असा अर्ज दिला हाय, पोच सोबत जोडली.

आपला,
एक धानवाला शेतकरी, जि. भंडारा